वेणीला कुणी हात लावायचा नाही

मी, चिमणाबाई गणपतराव साळोखे, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, धंदा म्हशी राखणे, हे मृत्युपत्र तोंडानं सांगते आणि वकील अमरेश लिहून घेतात. मला अक्षर येत नाही, पण वकील काय गाळतात ते कळतं; म्हणून प्रत्येक ओळ परत वाचायला लावली आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टर दानेश्वरी यांनी दिला आहे. घरात तो कुणाला पटणार नाही. उद्या माझं पोटाचं ऑपरेशन आहे. उठले तर हा कागद मीच फाडीन.

म्हैस माझा मुलगा बाळासो याला. ती देवीच्या कोपानं आटली असं तो म्हणतो. निम्मी पेंड कुठं जाते ते मला आणि म्हशीला ठाऊक आहे.

धाकटी जाऊ बाळाबाई हिनं माझ्या लग्नातली पितळी घागर नेली, ती तिच्याकडंच राहू दे. पण माझी म्हणून.

राहतं घर मी दुधावर बांधलं. ते नात क्रांती हिला. ती बाळासोचीच मुलगी. तिची आई मालन सकाळी तिची वेणी घालून दूध घालायला गेली, ती दूध विकायच्या कट्ट्यावरच कोसळली आणि गेली. तेव्हापासून पोरीनं वेणी सोडू दिली नाही. केस गुंतून जट झाली. गल्लीनं ठरवलं, देवी आली. बाळासोनं पोरीला डोंगरावर नेऊन देवीला सोडायचा बेत केला. हिरवा चुडा आणला, रविवारची जीप सांगितली.

दाखला देणाऱ्या या डॉक्टरीणबाई मनाच्या डॉक्टर. त्यांनी पोरीला कागद, रंग दिले. तिनं विहीर काढली. आतून वर आलेला काळा दोर तिच्याच डोक्याला बांधलेला. बाई अर्थ सांगत बसल्या नाहीत. खाली कोण आहे, एवढंच विचारलं.

"आई," पोरगी म्हणाली. "वेणी सोडली तर पडंल की ती."

जट बघायला सगळी गल्ली येऊन गेली होती. दोर कुणाला दिसला नव्हता.

म्हणून अट अशी. क्रांतीला कुणी देवीला सोडलं, किंवा तिच्या वेणीला तिच्या मर्जीविना कात्री लावली, तर घर समोरच्या तालमीला जावं. जट कापायला येणाऱ्या भल्या माणसांनाही हेच लागू.

हे वाचताना बाळासो दारात होता. "आई, त्यांच्या तालमीला? फुटबॉलच्या फायनलला त्यांनी आमच्या तालमीचं नाक कापलंय."

"म्हणूनच. जीपवाल्याला न्हाय म्हणून कळव."

"आणि देवी कोपली तर?"

"तिच्याकडं आधी मीच पोचणार हाय. मी बघते तिचं."

तो आता जीपवाल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी मुठीत धरून उंबऱ्यावर बसला आहे. वकील, हेही लिहा.

शेवटचं. मालनची लाकडी फणी क्रांतीला. ती कधी वापरायची हे तिनं ठरवावं. मी हे सांगत असताना ती फणी घेऊन माझ्या मागं येऊन बसली आहे आणि केस विंचरते आहे. माझे. स्वतःचे नाही. दुखतंय, पण मी हलत नाही. हात बसू दे तिचा.

हे सगळं मला वाचून दाखवलं, पटलं, म्हणून अंगठा केला.

चिमणाबाई गणपतराव साळोखे (अंगठा)

साक्षीदार:
डॉ. दानेश्वरी (सही)
शालूबाई, शेजारीण (सही, स्वतःच्या हातानं, सावकाश)

शिवाजी पेठ, कोल्हापूर
३ डिसेंबर २००३