दादाने दोर घेतला

सोमवार, ३

पोचले एकदाची! स्टेशनबाहेर एक गाडी नाही, दुकानं बंद, कोपऱ्याकोपऱ्यावर पोलीस. बॅगा ओढत दादाच्या घरापर्यंत चालत आले. वहिनी दारातच म्हणाली, "अहो वन्सं, आत्ताच यायचं होतं का?"

मी काय संप बघून तिकीट काढते? ह्यांचं जहाज आज धक्क्याला लागणार होतं. अकरा महिन्यांनी नवरा येणार, म्हणून हौसेने पुढे आले – तर जहाज बंदराबाहेर उभं! गच्चीवरून स्पष्ट दिसतं. पिवळं धुराडं, निळा पट्टा. पण आत येत नाही.

आणि अडवलंय कोणी? आमच्या बंधुराजांनी! जहाज टेकताना वरून जाडजूड दोर फेकतात, ते ओढून खुंटांना अडकवायचं काम दादाच्या माणसांचं. गेल्या महिन्यात एक जुना दोर तुटून अंगावर बसला आणि दादाचा जोडीदार जागीच गेला. जहाजांचे मालक नवे दोर आणायला तयार नाहीत. तेव्हापासून हे सगळे हाताची घडी घालून बसलेत. पुढारी दादा.

मंगळवार, ४

दादाशी अबोला. जेवताना मीठसुद्धा वहिनीमार्फत मागितलं. तो म्हणतो, "पाहुणे कुठे पळून जाताहेत? समोर तर उभे आहेत!" हसू आलं होतं. दाबलं.

बुधवार, ५

ह्यांचा फोन! आवाज तुटत होता. म्हटलं, तुम्हाला अडवणारा परका नाही, दादाच आहे. मग हसले – "अरे वा, मेहुणा मोठा माणूस झाला की!" मग म्हणाले, "अजून ऐकतो का गं तुझं?" मी फुशारकी मारली – लहानपणापासून माझंच ऐकतो!

ह्यांच्यासाठी शिवलेला शर्ट बॅगेतून काढून पुन्हा इस्त्री केला. उगाच.

शुक्रवार, ७

मोर्चावर अश्रुधूर सोडला. घरात बसून डोळे चुरचुरत होते. वहिनीने दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले आणि भिंतीला टेकून बसून राहिली.

दादा कपाळाला टेंगूळ घेऊन आला. बरोबर त्याचा दोस्त, घोषणा देणारा, सगळे त्याला भोपू म्हणतात. भोपूचा आवाज पार बसलाय! "विजय असो" सुद्धा कानात सांगितल्यासारखा म्हणतो. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या.

संध्याकाळी वहिनीबरोबर बंदराच्या फाटकाशी डबा द्यायला गेले. त्या गेलेल्या माणसाची बायको तिथे रोज येऊन बसते. माझ्याहून लहान असेल. मी कोण ते कळल्यावर म्हणाली, "तुमचे येतील हो, काळजी नका करू." माझी मान वर होईना.

शनिवार, ८

दूध नाही, भाजी नाही. वहिनीशी भांडले. चूक माझीच होती.

रविवार, ९

देवा, काय हा दिवस!

सकाळी ह्यांचा फोन. पोटात असह्य दुखतंय, दोन दिवस अन्न नाही. कण्हत होते. मग कप्तानच बोलला – माणूस हातचा जाईल, जहाज धक्क्याला घेऊ द्या. दादाने फोन घेतला. म्हणाला, होडी पाठवतो, शिडीवरून उतरवा. कप्तान म्हणे ते जमणार नाही, शिडी उतरण्याची त्याच्यात ताकद नाही.

दादा नुसता बसून राहिला. मी रडले, ओरडले, त्याचे पाय धरले. शेवटी नको ते तोंडातून गेलं – "मलाही बसव मग तिच्याशेजारी फाटकाशी!"

वहिनीने माझ्या तोंडावर हात ठेवला. दादा उठला, चपला घातल्या आणि निघून गेला.

सोमवार, १०

दादाने दोर घेतला.

फक्त चौघं होते. भोपू, आणखी दोघं आणि दादा. बोली अशी – जहाज लावायचं, रुग्ण उतरवायचा, दोर सोडायचे, जहाज परत बाहेर. बाकीचे लांब उभे राहून बघत होते. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. तसाच जुना दोर होता, पीळ सुटलेला. दादाने तो ओढून खुंटाला अडकवला.

ह्यांना स्ट्रेचरवरून उतरवलं. मी धावले. हात धरला. गरम होता, जिवंत होता, मला दुसरं काही दिसेना.

मागे वळून पाहिलं तेव्हा रुग्णवाहिकेसाठी मोकळ्या केलेल्या फाटकातून धक्क्यावर पोलिसांच्या गाड्या आल्या होत्या आणि त्यांच्या मागून बाहेरगावची भाड्याची माणसं. क्रेन सुरू झाल्या. दादा दोर सोडायला धावला, त्याला ढकलून पाडलं. दुपारी दुसरं जहाज लागलं. मग तिसरं.

बुधवार, १२

संप मोडला. माणसं कामावर गेली, त्याच दोरांवर. दादाला कोणी हाक मारली नाही. भोपू समोरून येत होता, दादाला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेला. दादा खिडकीत बसून असतो. वहिनी ताट वाढते, तसंच उचलते.

मी माफी मागायला गेले. म्हणाला, "वेडी का गं? माणूस वाचला. बस्स."

डॉक्टरांना ह्यांच्या पोटात काही सापडलं नाही. गॅस असेल म्हणाले. हुश्श! दुपारी तर दोनदा भात मागून घेतला. शर्टाचं बटण लागत नाही – चांगलं पोट सुटलंय!

गुरुवार, १३

शर्ट उसवायला घेतला होता. हे बाजूला येऊन बसले आणि सांगून टाकलं. दुखत नव्हतं. कधीच नाही. मेहुणा कोण ते ह्यांनीच कप्तानाला सांगितलं, पुढचं कप्तानाने शिकवलं. "घरी यायचं होतं गं," म्हणाले.

बाहेर दादा वहिनीला विचारतोय, पाहुण्यांना आज बरं वाटतंय ना.