ताईंच्या प्रथिनाचे भाऊबंद

सोमवार, ९ मार्च

प्रथिनांचे आकार जुळवणाऱ्या बंधुभगिनींनो, आपलं दुखणं एकच! प्रथिन म्हणजे मण्यांची साखळी, दर मण्याला एक अक्षर; जग ती अक्षरं वाचतं आणि निकाल देतं – या दोन साखळ्यांची अक्षरं जुळत नाहीत, म्हणजे नातं नाही. अहो, अक्षरं युगायुगांत बदलतात, साखळीच्या आकाराची घडी टिकते!

शुक्रवारच्या बैठकीत असंच ठणकावणार. नवरा म्हणाला, आधी कांदा चिरून दे, मग क्रांती कर.

मंगळवार, १०

सापडला! सूक्ष्मदर्शकवाल्या ताईंच्या अनोळखी प्रथिनाला माझ्या प्रोग्रॅमने भाऊ शोधला. साखळीतल्या दर दोन मण्यांमधलं अंतर मोजायचं, आणि दोन प्रथिनांचे तक्ते ताडून पाहायचे – एवढंच तो करतो. तक्ते तंतोतंत! भाऊ लोह वाहून नेतो. हाही तेच करत असणार. शुक्रवारी ताईंचा लेख छापायला जायचाय आणि त्यात लिहिलंय 'कार्य अज्ञात'. अज्ञात कसलं! ताईंना सांगितलं, तर म्हणाल्या, एकावर एक बसवून दाखव, लगेच खोडते.

बुधवार, ११

फजिती. बसेना. कसंही फिरवा, बसेना! आमच्या प्रयोगशाळेचे सर मागे येऊन उभे राहिले, थोडा वेळ पाहिलं, आणि टेबलावर हातमोज्यांची जोडी ठेवली.

"दोन्हींतली अंतरं मोज, सारखीच येतील. आता डावा उजव्या हातात घालून दाखव."

खरंच की! नुसत्या अंतरांना डावं-उजवं कळत नाही. माझा शहाणा प्रोग्रॅम आरशातल्या प्रतिबिंबाला सख्खा भाऊ म्हणत होता. ताईंनी विचारलं, भाषण तरी होणार ना? सगळे हसले. मीही हसले – करते काय!

गुरुवार, १२

हशा ओसरला, प्रश्न उरला. इतकं हुबेहूब प्रतिबिंब आलं कुठून? निसर्ग असली चेष्टा करत नाही. सजीवांच्या प्रथिनांतली मळसूत्रं, म्हणजे साखळीची स्क्रूसारखी वेटोळी, उजवीकडे वळतात, हे आमच्यात पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. ताईंच्या मॉडेलात ती कुठे वळतात, हे मात्र कुणी पाहिलंय का? मी तरी नाही.

शुक्रवार, १३

पाहिलं. सगळी डावीकडे! सूक्ष्मदर्शकाच्या सपाट, धूसर चित्रांवरून आकाराचा नकाशा उभा करताना डावं-उजवं निसटलं. मॉडेल आरशात पाहावं तसं उलटवून भावावर ठेवलं – चपखल बसलं. भाषण गेलं खड्ड्यात. पळत ताईंच्या खोलीत गेले.

"ताई, लेख पाठवू नका. आधी नकाशा उलटवा."