बेडूकरावांचा आवाज

प्रिय कात्री,

विकीच्या चर्चापानावर तू पुन्हा पुन्हा विचारलंस, "लुडबुड कुठे गडप झाली?" एकदा तर "जिवंत आहेस का? संदर्भासह कळव" असंही लिहिलंस. मी वाचलं, हसले आणि उत्तर दिलं नाही. उत्तर लांबलचक होतं, आणि चर्चापानावर कुणी लांबलचक लिहिलं की तू त्याला हटकून कात्री लावतेस. म्हणून हे कागदावर लिहितेय. इथे तुझा हात पोचत नाही. आपल्या भांडणाची तिकडची बाजू तुला पाठ आहे, पण इकडे घरात काय चाललं होतं ते मी तुला कधी सांगितलंच नाही. आता सांगते.

'ढोलीतली मंडळी'च्या विकीवर मी काही भांडायला आले नव्हते गं. चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. अशाच एका दुपारी काउंटरमागे बसून लहानपणीची ती बाहुल्यांची मालिका शोधत होते आणि चाहत्यांनी मिळून लिहिलेला तुमचा विकी हाती लागला. झाडाच्या ढोलीत राहणारे ते सगळे प्राणी, प्रत्येकाचं वेगळं पान, एकेका भागाची गोष्ट! मला माहेर सापडल्यासारखं झालं. 'लुडबुड' हे टोपणनाव घेऊन आत शिरले, आणि पहिल्याच दिवशी कळलं की या माहेराला दारातच 'कात्री' नावाचे एक हेडमास्तर बसवलेले आहेत. ढोलीच्या जिन्याला पायऱ्या किती, खारूताईची शेपटी मधेच तांबूस कशी झाली, चिचुंद्री घुबडाची भाची की नुसतीच भाडेकरू, यावर आपण जेवढा काथ्याकूट केला तेवढ्या वेळात कुणी एखादी पदवी मिळवली असती.

पण खरी ठिणगी पडली ती बेडूकरावांच्या पानावर. मी लिहिलं की बेडूकरावांचा आवाज मालिकेच्या सेटवरच्या सुताराचा होता. तो सुतार म्हणजे माझे बाबा. पानावर आधीपासून रंगभूमीवरच्या एका नावाजलेल्या नटाचं नाव होतं, ते मी बिनदिक्कत पुसलं. माझा चहा संपायच्या आत तू माझी ओळ काढलीस, नटाला परत जागेवर बसवलंस आणि वर 'संदर्भ हवा' असा शिक्का मारलास. मी लिहिलं, माझ्या वडिलांनी स्वतः सांगितलंय. तू लिहिलंस, "वडील हा संदर्भ नाही." माझा अगदी तिळपापड झाला. मी ओळ परत घातली, तू परत काढलीस, असं करता करता तू पानाला कुलूपच लावलंस. कुणीतरी मध्ये पडून म्हणालं, जाऊ द्या ना, बाहुल्यांची मालिका आहे, कोर्ट नव्हे. त्यावर तुझं उत्तर, "एकाचे वडील आत घेतले तर उद्या सगळ्यांचे काका-मामा दारात उभे राहतील. मग खरं कोण ते कसं ओळखायचं?" मी त्या दिवशी तुला इतक्या शिव्या घातल्या की समोरच्या गिऱ्हाइकाला चुकीची काच दाखवली.

तुला ठाऊक नव्हतं ते हे, की बाबांवरचा अविश्वास मी लहानपणापासून घरातच बघत आले होते. बाबा स्टुडिओत सुतारकाम करायचे. ढोलीतली दारं, खाटा, बेडूकरावांची आरामखुर्ची, सगळं त्यांच्या हातचं. रविवारी मालिका संपली की ते दारात येऊन बेडूकरावांच्या आवाजात गल्लीतल्या पोरांना हाका मारायचे आणि पोरंही त्यांना बेडूककाका म्हणायची. मग माझा मोठा भाऊ वाचायला शिकला. मालिकेच्या शेवटी येणाऱ्या नावांत त्याला नटाचं नाव दिसलं. बाबांचं नव्हतं, सुतार म्हणूनसुद्धा नव्हतं. तेव्हापासून दादाचं एकच पालुपद, "बाबांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला." पुढे बाबांनी काहीही सांगायला घेतलं की तो माझ्याकडे बघून डोळा मारायचा. बाबांना ते दिसायचं. बोलता बोलता ते थांबायचे आणि उगाच काहीतरी पुसायला घ्यायचे. माझे बाबा थापाडे नाहीत, एवढं मला कुठेतरी लिहिलेलं हवं होतं. आणि तू नेमकं तेच खोडत होतीस.

मग तुझा खासगी निरोप आला. मला वाटलं, झाली हकालपट्टी. बघते तर नुसते प्रश्न. कोणता भाग? नटाला काय झालं होतं? खोली कशी होती? बोलताना बाहुली समोर होती का? मी चिडूनच ते बाबांपुढे ठेवले. बाबा म्हणाले, सगळे भाग मीच केले. मी तुला तसं कळवलं, तर तू विचारलंस, "मग नट पैसे कशाचे घेत होता?" बाबा जरा घुटमळले, म्हणाले, बरं, सगळे नसतील, बरेच असतील. पुढच्या खेपेला 'बरेच'चे 'काही' झाले. दुसऱ्या गावात बसून तू माझ्या बाबांची वकिलासारखी उलटतपासणी घेत होतीस आणि गंमत म्हणजे बाबांना ती आवडायला लागली होती! खरं-खोटं करायला का होईना, इतक्या वर्षांत त्यांना कुणी नीट विचारलंच नव्हतं. मी दुकानातून आले की पायातल्या चपला काढायच्या आत विचारायचे, "आला का तुझ्या कात्रीचा प्रश्न?" मग खुर्ची ओढून बसायचे. रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना जाड रजया ठोकल्या होत्या, दाराची बिजागरी कुरकुरायची म्हणून त्यांनी तिच्यात मेण भरलं होतं, ढोलीच्या जिन्याची एक पायरी मोडली ती परत कधी बसवलीच नाही. बघ, पायऱ्यांचा आपला घोळ असा सुटला! त्या काही महिन्यांत मी बाबांशी जेवढं बोलले तेवढं जन्मात बोलले नव्हते. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहूनच गेले होते. आता मानते, अगदी मनापासून.

शेवटी बाबा एका भागावर ठाम राहिले. विहीर आटते तो भाग. नटाचा घसा बसला होता, दिग्दर्शक हैराण झाला होता, आणि चहाच्या वेळी बाबा बेडूकरावांची नक्कल करतात हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं. मी तुला म्हटलं, झालं की, आता लिही. पण तू कसली ऐकतेस! तू नोकरी करतेस त्या दाताच्या दवाखान्यातून रजा काढलीस आणि बस पकडून मालिकेच्या म्हाताऱ्या रेकॉर्डिंगवाल्या काकांच्या घरी जाऊन बसलीस. तिथून फोन केलास तेव्हा मला कळलं की तू बाई आहेस. तोवर मी तुला खरोखरच निवृत्त हेडमास्तर समजत होते. "पुरावा?", "काढलं", "संदर्भ हवा" एवढ्यावरून बाई की बुवा कसं कळणार? मी तर मनातल्या मनात तुला मिशाही लावल्या होत्या.

काकांच्या कपाटात मूळ टेपा निघाल्या. विहिरीच्या भागात आवाज नटाचाच होता. तू ते फोनवर सांगितलंस. दादाच खरा ठरला, असं वाटून मला रडू येत होतं. दुसरी कुणी असती तर तिथेच जिंकून घरी गेली असती. तू उठली नाहीस. काकांना बेडूकरावांची एकेक टेप लावायला लावलीस, त्यांच्या सुनेने तुला जेवायलाही थांबवून घेतलं. आणि छत्री हरवते त्या भागाच्या टेपवर, टीव्हीवर कधीच न आलेला एक तुकडा सापडला. कुणीतरी म्हणतं, "सुतारदादा, पुन्हा एकदा, जरा सावकाश." आणि माझे बाबा, त्यांच्या स्वतःच्या आवाजात, "हो साहेब, जमतंय का बघतो." मग खाकरतात, आणि बेडूकराव पोट धरून हसतात. भागात वापरलं ते हेच हसणं. त्याच दिवशी तू पानाचं कुलूप काढून स्वतःच्या हाताने लिहिलंस, की छत्रीच्या भागातलं हसणं तेवढं सुताराचं. बाबांचं नावही घातलंस.

एवढंसंच निघालं म्हणून बाबा खट्टू होतील, अशी मला भीती होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला पुष्कळ वाटत होतं गं. इतकं कमी होतं होय? पण आहे ना? खोटं नाही ना?" दादा आला तेव्हा मी त्याला तू फोनवर पाठवलेला तो तुकडा स्वयंपाकघरात ऐकवला. तो पाण्याचा ग्लास हातात घेऊन तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "परत लाव." मग बाहेर जाऊन बाबांच्या शेजारी बसला आणि बेडूकरावांची आरामखुर्ची कशी केली होती ते विचारायला लागला. बाबा जेवणं होईपर्यंत सांगत होते आणि तो ऐकत होता.

आता मी गडप का झाले ते. बाबांचा घसा गेली काही वर्षं घोगरा होता. आम्ही म्हणायचो, वय झालं. तपासलं तर घशात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. बाबा बरे आहेत, हिंडतात-फिरतात, माझ्या लेकीला पाऊल टाकायला शिकवतात, पण आवाज गेला तो कायमचाच. फोनमध्ये त्यांचे थोडे व्हिडिओ आहेत, पण त्यांत तो आजारी, घोगरा आवाज आहे. लहानपणी ज्या आवाजाने मला जाग यायची, तो आता तेवढ्या एका तुकड्यात उरलाय. काल मी तो लेकीला ऐकवला. ती फोनकडे बघत राहिली, तेव्हा मी बाबांकडे बोट दाखवलं. बाबांनी टेपबरोबर ओठ हलवले आणि तिने त्यांच्या ओठांवर हात ठेवला. तेव्हाच ठरवलं, आज तुला लिहायचंच. कात्री, विहिरीच्या भागाचं मी सांगितलं तेव्हा तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असतास, तर मी विहिरीचा भाग जिवापाड जपून ठेवला असता, आणि काल माझ्या लेकीला एका परक्या माणसाचा आवाज "हे तुझे आजोबा" म्हणून ऐकवला असता.

जन्मभर तुझीच ऋणी आणि तुझीच,
लुडबुड