वहिनीचा खरा आकडा

दि. १४ ऑगस्ट

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. तुझी बोट सध्या कुठल्या बंदरात आहे कोण जाणे. पत्र गाठेल तेव्हा गाठेल. इकडे सगळे मजेत. बाबांनी नवा चष्मा केलाय, आता आईच्या पोळ्यांचे नकाशे जास्तच स्पष्ट दिसतात म्हणे.

वहिनीचं ऑपरेशन रद्द झाल्याचं तिने कळवलंच असेल. का झालं ते मी लिहायचं, असं तिचं फर्मान आहे.

थायरॉइड वाढलंय असा रिपोर्ट आला, म्हणून ते कमी करायच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढचा रिपोर्टही तसाच. डॉक्टर म्हणाले, ग्रंथीच काढू. एका दुपारी मी घरी आले तर भर उन्हाळ्यात वहिनी स्वेटर घालून बसलेली, भाजी निवडता निवडता पेंगत होती. नाडी पाहिली, छप्पन्न. थायरॉइड वाढलेल्या माणसाची नाडी पळते रे!

"वहिनी, आणखी कसल्या गोळ्या घेतेस?"

"केस गळतात त्याच्या. ते काय औषध थोडंच?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या गोळ्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं, आणि आमच्या लॅबचं रक्त तपासायचं मशीन बायोटिनच्याच चिकटपणावर चालतं. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीने थायरॉइडला धाडलेला हुकूम; थायरॉइड सुस्तावलं की हुकूम वाढतो, जोरात असलं की घटतो. मशीन तो पकडून मोजतं. रक्तातच बायोटिनचा पूर असला की पकडायच्या जागा आधीच अडतात. हुकूम निसटतो, आकडा खाली येतो. थायरॉइडच्या हार्मोनची मोजणी उलटी, जितकं कमी पकडलं तितका आकडा मोठा. म्हणून तो फुगतो.

डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते भडकले. "आता लॅबवाली मला शिकवणार?"

"शिकवत नाही. फक्त चार दिवस मागतेय."

केसांच्या गोळ्या बंद केल्या. पाचव्या दिवशी रक्त घेतलं, मशीनसमोर उभी राहिले. टीएसएच चारच्या आत हवा, आला एक्केचाळीस! थायरॉइड वाढलेलं नव्हतंच, पार थंडावलं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि ऑपरेशनच्या कागदावर स्वतः आडवी रेघ मारली. "बाई, शाब्बास," एवढंच म्हणाले. मी जिना नाचत उतरले.

आधीच्या गोळ्या बंद, आता थायरॉइडची कमी भरून काढणारी एक बारीक गोळी रोज सकाळी. काल वहिनी तीन मजले न थांबता चढली आणि वरून मलाच ओरडली, "चल की म्हातारे!"

आता इतका वेळ टाळलेलं लिहिते. ते दोन्ही चुकीचे रिपोर्ट आमच्याच लॅबचे, खाली सही माझी. पहिल्यांदा रक्त घेताना वहिनी म्हणाली होती, "नुसती झोप येते गं." मी हसण्यावारी नेलं. आकडा पाहिला, माणूस पाहिलं नाही. तिला सांगितलं तर म्हणाली, "शोधून काढलंस तेही तूच ना?" तुला सांगायला मात्र दोन महिने लागले.

रागव, खुशाल रागव. पण पुढच्या महिन्यात बंदरावर ती तुझी बॅग उचलून झपझप निघेल, तेव्हा आधी तिला गाठून दाखव.

चुकलेली, पण मान ताठ ठेवून तुझ्यासमोर उभी राहणार असलेली,
तुझी टाचणी