मला कांदा झोंबत नाही

ज्ये. व. ५, रविवार
मृणालने आज कांदे फ्रीजरमध्ये ठेवले. चिरायच्या आधी अर्धा तास. "आई, गार कांद्याने रडू येत नाही. आणि पंखा पाठीमागून लावायचा." पाव किलो कांद्याला फ्रीज आणि पंखा. इतकं करून सूनबाई नाक ओढत होत्याच. पुण्यात मुलींना इंजिनियर करतात, विळीवर बसायला शिकवत नाहीत.
शेवटी मी बसले. भराभर चिरून दिले. डोळ्यात टिपूस नाही. ती बघत राहिली. "आई, तुम्हाला काहीच कसं होत नाही?"
म्हटलं, देवाला विचार.
तीन वर्षं झाली कांदा-लसूण सोडून. लोकांसारखं चार महिन्यांपुरतं नाही, बारमाही. घरच्यांसाठी चिरते, जिभेला लावत नाही. त्यानंतरच हळूहळू झोंबायचा बंद झाला. पाळलं, त्याची पोच मिळाली. हे मृणालला सांगून उपयोग नाही.

व. ७, मंगळवार
सोसायटीच्या मराठी मंडळाची सेक्रेटरीण आली. नागपूरची, लिपस्टिकसकट. कांदेनवमी क्लबहाउसमध्ये करायची म्हणे. भजी, थालीपीठ, झुणका. चातुर्मास लागायच्या आधी कांदा खाऊन घ्यायचा, मग चार महिने बंद, त्यासाठी ही नवमी. ह्यांतलं एकही माणूस चार दिवससुद्धा बंद करणार नाही. पण नवमी पाहिजे.
"काकू, दहा किलो आहेत हो. तुम्हीच चिरा, तुम्ही तर लोखंडाच्या!"
"सरी", म्हटलं, इथल्या कन्नडात. बरं. मागून ग्रुपवर तिने उपाय टाकले. तोंडात पावाचा तुकडा धरा. शेजारी मेणबत्ती लावा. पोहायचा चष्मा घाला. ह्यांनी लगेच काडेपेटीतली काडी दातांत धरून एक कांदा चिरून पाहिला. बँकेत तीस वर्षं सह्या केलेला माणूस, तोंडात काडी आणि गालावरून धारा.

व. १०, शुक्रवार
डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. व्हाइटफील्डात धूळच तेवढी, जिकडे तिकडे खोदलंय.
सहस्रनाम म्हणताना जीभ टाळूला चिकटली. मध्येच पाणी प्यायची आमच्यात पद्धत नाही. नामं गाळली गेली, पुन्हा पहिल्यापासून. ह्या आठवड्यात दुसऱ्यांदा.
रात्री जेवताना अनिने फोनवरून वाचून ज्ञान दिलं. कांदा कापला की आतल्या पेशी फुटतात, त्यातून वायू सुटतो. तो डोळ्यातल्या ओलाव्यात मिसळला की आम्ल होतं, मग ते धुऊन काढायला डोळा पाणी सोडतो. म्हणून पातं धारदार हवं, म्हणजे पेशी कमी चिरडतात. मुळाकडचा भाग शेवटी कापावा, चिरलेला लगेच पाण्यात टाकावा.
हे मी विळीवर बसून शिकले, फोन नव्हता तेव्हा. मुलाला एवढ्या फिया भरून शिकवला, तो मला कांदा शिकवतो.
मग म्हणाला, "पण आई, तो वायू तुझ्याही डोळ्यात जातच असणार. मग पाणी का येत नाही?"
जेव गुपचूप, म्हटलं.

व. ३०, बुधवार
मृणालने रजा काढून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी नको म्हणत होते. "आई, सकाळी तुमची पापणी चिकटलेली असते, मी रोज बघते." बघते! चहा ठेवायला मात्र दिसत नाही.
डॉक्टरीण पोर आहे. केस मोकळे सोडलेले. विचारते, "अम्मा, ईरुळ्ळी हेच्चुवाग कण्णल्ली नीरु बरुत्ता?" कांदा चिरताना डोळ्यात पाणी येतं का.
"इल्ला!" ताठ बसून सांगितलं. "तीन वर्षांत एक थेंब नाही."
तिने लिहायचं थांबवलं. वाटलं, कौतुक करेल. तर विचारते, तोंड कोरडं पडतं का? पोळी पाण्याशिवाय उतरते का? सांधे?
मग खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून डोळे मिटायला सांगितले. पाच मिनिटांनी काढली. कोरडी. दुसऱ्या डोळ्याची नावाला भिजलेली. मृणालला इंग्रजीत सांगत होती, मला कळत नाही असं धरून. सगळं कळलं. डोळ्याला पाणी करताच येईनासं झालंय. बुबुळावर ओरखडे पडलेत. असंच राहिलं तर नजर…
"नजर जाईल?" मीच विचारलं, मराठीत. मृणालने कन्नडात विचारायचा प्रयत्न केला. त्याला कन्नड म्हणायचं तर धाडस लागेल.
"नोडोणा, अम्मा." बघू या. रक्त तपासायला घेतलं.
माझ्या व्रताला ही पट्टी लावून मोजणार.

आ. शु. ३, शनिवार
थेंब दिवसातून सहा वेळा. हिशेबात कुठे घालावं कळेना. शेवटी औषधात लिहिलं: डोळ्यातलं पाणी, १ बाटली. एवढंच विकत घ्यायचं राहिलं होतं.
हे पेपरमागून म्हणाले, "दोन वर्षांमागे अक्का गेली तेव्हाही तू रडली नव्हतीस."
नव्हते. जाऊबाई भिंतीला डोकं आपटत होत्या, माझे डोळे कोरडे. दिवसांना आलेले सगळे म्हणाले, काय धीराची बाई. मीही तेच धरून चालले. अक्का माझी सख्खी नणंद, पण आईसारखं केलं तिने माझं.
मग तो धीर होता की…
पोथी उघडली. अक्षरं पोहत होती. बंद केली.

शु. ६, मंगळवार
सेक्रेटरीणबाईंचा फोन. "काकू, बरं नाही ऐकलं, मशीनवर करून घेऊ का?" कोणी सांगितलं हिला? मृणालच. मशीनमधून कांद्याचा चिखल निघतो, भजी तेल पितात. कांदे पाठवून द्या म्हटलं.
मृणालशी दिवसभर बोलले नाही. तिला ते कळलंही नसेल. कानात बोंडं घालून मीटिंग.

शु. ९, शुक्रवार. कांदेनवमी
रिपोर्ट सोमवारी.
पहाटे पूजा आटोपून बसले. नऊ किलो रीतसर विळीवर, मूळ शेवटी, चिरलेला पाण्यात. काही नाही. मृणाल सोलून देत होती, रजा न सांगता काढलेली.
शेवटच्या किलोला विळी बाजूला सारली. टोमॅटोही कापत नाही असली बोथट सुरी घेतली. खिडकी लावली, पंखा बंद केला. आधी मूळच कापलं. चिरण्याऐवजी चेचलं म्हणावं असं, तोंड पातेल्यात घालून.
"आई, काय करताय? तुम्हीच म्हणता ना, मूळ…"
"सोल गुपचूप."
हे दारापर्यंत आले आणि खोकत परत गेले. मृणालला कळलं असावं. उठून गेली नाही. जवळ सरकून बसली, सोलायचं सोडून तीही चेचायला लागली. बत्त्याने. हात वाकडाच, पण जोर होता.
पाच-सहा कांदे झाल्यावर डाव्या डोळ्यात काहीतरी झालं. ओल की नुसती आग, कळेना. हात कांद्याचे, लावता येईना.
"मृणाल, बघ गं, पाणी आहे का?"
तिने माझी हनुवटी धरली. वर केली. जवळ आली, आणखी जवळ.
"थांबा आई," म्हणाली, "मलाच काही दिसत नाहीये." तिच्या डोळ्यांतून इतकं वाहत होतं.