आजीच्या नावाचा घास

देवपूर, धुळे
२१ जानेवारी २०२५

ती. आईंस,
पुनमचा सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. फोन न करता पत्र लिहिते, याचा राग मानू नका. फोनवर तुम्ही मोहिनीला दाखव म्हणणार आणि मला नाही म्हणवणार नाही.

बोरन्हाणाला मोहिनीने तुमच्या मांडीवर बसून तुमच्या गालावरून बोट फिरवलं. बायका हसल्या, पण आपल्या दोघींना कळलं, ती मोबाइलवरचं बदलावं तसं चित्र बदलायला बघत होती. तेव्हा तुम्ही मला चारचौघींत बोललात, ते फार लागलं.

इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन वर्षांची पोर अजून दोन शब्द जोडत नाही, हे चांगलं नाही. जेवताना मोबाइल बंद ठेवा, सगळे तिच्याबरोबर जेवायला बसा, बोला. मी म्हटलं, आम्ही गाणी लावत नाही, फक्त आजी दाखवतो. त्या म्हणाल्या, पडद्यावर तिला दोन्ही सारखंच. म्हणून रोज संध्याकाळी तुम्हाला व्हिडिओवर दाखवून आजीच्या नावाचा घास भरवायचो, ते आता बंद. यांना सांगायचा धीर झाला नाही, तेव्हा वाईटपणा मी घेते.

नानांना नमस्कार. रागवा, पण माया आटू देऊ नका.

आपली,
पुनम


मुक्ताईनगर
२९ जानेवारी २०२५

चि. सौ. पुनम हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मनातल्या मनात तुझ्याशी खूप भांडले. पोरगी मले चित्र समजते, म्हणून यांच्याजवळ रडलेही. हे म्हणाले, मग चित्र होऊन कशाला बसते, जा आणि भेट.

माझा योगेंद्र आणि त्याची भावंडं लहानपणी एकाच ताटात जेवली. बट्टीच्या तुकड्यावरून भांडायची, म्हणून दोन घास जास्त जायचे. तुमच्याकडे तीन माणसं आणि तिघांची पानं तीन वेगळ्या वेळांना. पोर बोलणार तरी कोणाशी, त्या मोबाइलच्या डब्याशी? आधी माझ्या लेकाला वेळेवर ताटावर बसव. लग्नाच्या पंगतीत तुझ्या शेजारी हौसेने बसला होता, आता काय झालं त्याला?

केळीची कापणी आटोपली की येते. पण खरं सांगू, भीती वाटते. तिने पुन्हा माझ्या तोंडावरून बोट फिरवलं तर मी काय करू?

मोहिनीला पापा. सांभाळून राहा.

तुझी सासू,
शेवंताबाई


देवपूर, धुळे
९ मार्च २०२५

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही गेलात आणि घर ओकंबोकं झालं. तुम्ही आलात तेव्हा मोबाइलसाठी तिने केवढा आकांत केला. ती तोंड मिटून घ्यायची, तुम्ही घास धरून बसायचात. मग एकदा वरण-बट्टी कुस्करताना तिनेच तुमच्या तोंडात घास कोंबला आणि तुम्ही पदर डोळ्यांना लावलात.

हे आता जेवायच्या वेळेला घरी असतात. पण काल मोहिनी तुमच्यासाठी हटून बसली. तुम्ही जेवायला बसायचात तो पाट स्वतः ओढत आणला आणि ताटाला हात लावेना. शेवटी यांना राहवलं नाही, त्यांनी तुम्हाला व्हिडिओ लावला. तुम्ही घास घे म्हणत होतात आणि मध्येच अंधार झाला ना? रेंज गेली नव्हती, आई. तिने यांच्या हातून फोन ओढला, पालथा घातला, वर उशी ठेवली. मग पाटावर हात आपटून म्हणाली, आजी इथे.

तिने जोडलेले हे पहिले दोन शब्द. आम्ही दोघं तिथेच रडलो. पण ती जेवली नाही, उपाशीच झोपली.

पाट अजून तिथेच आहे, उचलू देत नाही. केव्हा येता?

तुमची,
पुनम