पंचामृतातलं तूप

१२ ऑगस्ट १९९२, बुधवार
सुधीर कळंबोलीहून आला तो तापूनच. ट्रकच्या रांगेत अडकला होता. राग मुक्तावर निघाला. "अण्णा, हिचं विज्ञान कच्चं आहे. परवाच्या चाचणीत नापास झाली तर क्लास लावणार. संध्याकाळचा."
म्हणजे माझी नि नातीची संध्याकाळ गेली! म्हटलं, "मिश्रणांचा धडा मी घेतो. चालीवर म्हटलेलं जन्मभर विसरत नाही."
सौ. आतून, "मग दळण तेवढं कसं विसरता?"

१३ ऑगस्ट
कविता झाली. मीठपाणी, वाळू नि लोहकीस, सगळं बसलं. एक जागा तर अशी उतरली की डोळेच मिटले:
दूध, दही, मध, साखर, तूप
मिसळुनि झाले एकच रूप!
मुक्ता म्हणाली, "म्हणजे समांगी ना?" "अर्थात!"
आमच्या वर्गाचा तो एक सूर, कौलांतून येणारं ऊन... असो.

१७ ऑगस्ट, सोम.
मुक्ता थोडक्या गुणांनी नापास. पंचामृत चूक! राहवेना. सौ.कडून ताजं करून घेतलं, डब्यात घेऊन शाळेत गेलो. विज्ञानाच्या शेखबाईंनी झाकण काढलं.
"आजोबा, वर काय तरंगतंय?"
"तूप."
"सगळीकडे सारखं दिसतंय?"
"ढवळायचं राहिलं."
"समांगीला परत परत ढवळावं लागत नाही हो." मग हसून, "चाल मात्र माशाल्ला! अर्ध्या वर्गाने हेच लिहिलंय."
मुक्ताने मधल्या सुट्टीत सगळ्यांना शिकवली होती. अभिमान वाटावा की...

१८ ऑगस्ट
मुक्ताची रडारड. तडजोड: रविवारी सुधीर स्वतः धडा विचारणार. सगळं आलं तर क्लास रद्द.

२० ऑगस्ट
ओळ दुरुस्त होईना. तूप काढलं तर रूप जातं. सौ. म्हणाली, "काढा की! नाहीतरी डॉक्टरांनी तुम्हाला बंदच केलंय." हिला यमक कसं समजावू.

२३ ऑगस्ट, रवि.
"अण्णा, तुम्ही आत बसा. खुणा करता." म्हणून आतूनच लिहितोय.
मीठपाणी बरोबर. लोहकीस बरोबर. पंचामृत? "विषमांगी!" ठणकावून, बिनचालीचं. जरा लागलंच.
मग सुधीर, "बरं, दूध?"
नुसत्या दुधावर माझी ओळच नाही! मुक्ताचा आवाज, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"
आता दोघंही पुस्तकात उत्तर शोधताहेत, पानं उलटल्याचं ऐकू येतंय. सौ. चहा द्यायला गेली होती, तीही परत आलेली नाही.